कचऱ्याची गाडी आणि जानेवारीचा तिसरा सोमवार

१ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात जोराचा पाऊस कोसळत होता. कचरा गोळा करून परत निघालेल्या नगरपालिकेच्या एका गाडीवरचे कामगार चिंब भिजले होते. पुढे चालकाच्या केबिनमध्ये सगळे मावणार नव्हते. त्यामुळे एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे मागच्या बाजूला, जिथे कचरा दाबला जातो त्या पोकळीत शिरले. थोड्याच वेळात कचरा दाबणारे यंत्र आपोआप सुरू झाले. चालकाने ते थांबवण्याचा प्रयत्न केला, पण ते थांबले नाही. दोघेही त्यात चिरडून मेले.

गाडी जुनी होती आणि त्या जातीच्या गाड्यांबद्दल कामगारांनी आधीच तक्रार केलेली होती. पण या दोघांना तिथे शिरावे लागण्याचे खरे कारण यंत्रात नव्हते. कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसात आपल्या दारापाशी आडोशाला उभे राहतात, अशी कुरकुर गोऱ्या वस्त्यांतून झाली होती. तेव्हापासून कामगारांनी वस्तीत कुठेही थांबायचे नाही, पाऊस आला तर गाडीच्या मागेच बसायचे, असा दंडक होता. रोजंदारीचे कामगार म्हणून दोघांचा विमाही नव्हता. घरच्यांना एका महिन्याचा पगार आणि अंत्यविधीसाठी पाचशे डॉलर मिळाले. वॉकर यांची पत्नी तेव्हा गरोदर होती.

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी पाळल्या जाणाऱ्या, नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीची गोष्ट सांगताना बहुतेक लोक वॉशिंग्टनच्या संगमरवरी पायऱ्यांपासून सुरुवात करतात, तिथल्या अडीच लाखांच्या सभेपासून आणि त्या गाजलेल्या भाषणापासून. त्या सभेचे पूर्ण नाव मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. २८ ऑगस्ट १९६३ चा तो मोर्चा ‘रोजगार आणि स्वातंत्र्या’साठी होता, आणि नावात रोजगार आधी होता. किमान वेतन ताशी दोन डॉलर करा, नोकरीतला वर्णभेद कायद्याने बंद करा, या त्याच्या लेखी मागण्या होत्या. किंग यांच्या वारशाचा आणि कामाच्या जागेचा संबंध आजच्या कंपन्यांनी नंतर जोडलेला नाही. तो मुळातच होता. म्हणून ही गोष्ट मेम्फिसच्या त्या गाडीपासून सांगायला हवी.

मेम्फिसमधले सफाईचे काम म्हणजे काय होते? घराच्या मागच्या परसात जायचे, तिथला कचरा मोठ्या टबात भरायचा आणि टब डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊन रस्त्यावरच्या गाडीपर्यंत यायचे. टब गळके असत. त्यांतले पाणी, कधी अळ्यासुद्धा, अंगावर गळत. काम संपल्यावर अंग धुवायला जागा नव्हती. मुकादम गोरे होते. अपघाताच्या एक-दोन दिवस आधीच, पावसामुळे गटारखात्यातल्या कृष्णवर्णीय कामगारांना दोन तासांचे पैसे हातावर टेकवून घरी पाठवले गेले होते आणि गोऱ्यांचा दिवस मात्र भरला गेला होता. पूर्णवेळ राबूनही अनेकांची कुटुंबे सरकारी मदतीला पात्र ठरत, इतका पगार तुटपुंजा होता.

१२ फेब्रुवारीला सुमारे १३०० कामगार कामावर आलेच नाहीत. टी. ओ. जोन्स हे त्यांचे पुढारी. ते स्वतः पूर्वी सफाई कामगारच होते आणि संघटना बांधायला गेल्यामुळे नोकरी गमावून बसले होते. मागण्या साध्या होत्या: युनियनला मान्यता, पगारवाढ, सुरक्षित गाड्या. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदेशीर ठरवला आणि मान्यतेला ठाम नकार दिला.

मग शहराच्या रस्त्यांवर ते फलक दिसू लागले. क्लेबॉर्न टेम्पल या चर्चच्या छापखान्यात ते छापले गेले होते. त्यांवर इंग्रजीत चारच शब्द होते. मराठीत त्यांचा सरळ अर्थ ‘मी माणूस आहे’ असा होतो, पण तेवढ्याने त्यातला सल पोचत नाही. दक्षिणेकडचा गोरा माणूस साठीच्या कृष्णवर्णीयालाही ‘पोऱ्या’ म्हणून हाक मारी. चहाच्या टपरीवर कुणालाही ‘ए पोऱ्या’ म्हणणारा आवाज आपल्याला चांगला माहीत आहे. ‘मी कुणाचा पोऱ्या नाही, बाप्या माणूस आहे’ असे त्या चार शब्दांना म्हणायचे होते. पगाराचा आकडा फलकावर नव्हता. जगभरच्या कामगार लढ्यांमध्ये याहून नेमकी घोषणा क्वचितच सापडेल.

या संपाला पाठिंबा देणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते जेम्स लॉसन, मेम्फिसमधल्याच एका मेथडिस्ट चर्चचे पाद्री. इथे ही गोष्ट अचानक नागपूरला येते. कोरियन युद्धाच्या काळात लॉसन यांनी सक्तीची लष्करभरती नाकारली होती आणि त्यासाठी वर्षाहून अधिक काळ तुरुंग भोगला होता. सुटल्यावर १९५३ मध्ये ते मेथडिस्ट मिशनतर्फे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. तीन वर्षे त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना खेळ शिकवले आणि स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. डिसेंबर १९५५ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. ती बातमी आणि किंग नावाच्या सव्वीस वर्षांच्या पाद्र्याचे नाव लॉसन यांनी पहिल्यांदा वाचले ते नागपूरच्या वर्तमानपत्रात. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याच्या दोन मोठ्या चळवळींचे धागे एका शहरातून गेले, याची आठवण नागपूरने ठेवावी असे मनापासून वाटते.

१९५७ मध्ये लॉसन किंगना भेटले. ‘शिक्षण पुरे होण्याची वाट पाहू नका, आत्ताच दक्षिणेत या,’ असा आग्रह किंगनी धरला आणि लॉसन नॅशव्हिलला गेले. तिथे चर्चच्या खोलीत ते तरुणांचे वर्ग घेत. कुणी शिवी दिली, थुंकले, केस ओढले तर हात न उचलता कसे बसून राहायचे याची तालीम एकमेकांवर चाले. त्या वर्गात जॉन लुईस नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. १९६० मध्ये याच विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत शांतपणे बसून ती खुली करून घेतली. लॉसन यांना मात्र त्या पायी व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. किंग स्वतः १९५९ च्या आरंभी महिनाभर भारतात होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजी राहत त्या घरात त्यांनी मुक्काम केला होता.

लॉसन यांच्या बोलावण्यावरून किंग १८ मार्च १९६८ रोजी मेम्फिसला आले. तेव्हा ते देशभरातल्या गरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला नेण्याच्या तयारीत बुडालेले होते आणि मेम्फिस ही आडवाट आहे असे त्यांच्या सहकाऱ्यांना वाटत होते. मेसन टेम्पलमध्ये हजारो लोक दाटीवाटीने जमले होते. शहराचा कचरा उचलणारा माणूस डॉक्टरइतकाच मोलाचा आहे, कारण त्याने काम थांबवले तर रोगराई पसरेल, असे किंग त्यांना म्हणाले. सगळ्या श्रमांना प्रतिष्ठा आहे, आणि श्रीमंत देशात राहून उपाशी पगारावर काम करायला लावणे हा गुन्हा आहे, असेही ते म्हणाले. मग त्यांनी एक प्रश्न टाकला. उपाहारगृहात बसण्याचा हक्क मिळाला, पण तिथला हॅम्बर्गर घ्यायला खिशात पैसेच नसतील तर त्या हक्काचा काय उपयोग?

२८ मार्चच्या मोर्चात दगडफेक आणि लुटालूट झाली. सोळा वर्षांचा लॅरी पेन पोलिसांच्या गोळीने मेला. शहरात लष्करी तुकड्या उतरल्या. दुसऱ्याच दिवशी कामगार तेच फलक गळ्यात अडकवून, संगिनी रोखलेल्या जवानांसमोरून एका रांगेत चालत गेले. त्या रांगेचे छायाचित्र आजही अंगावर काटा आणते.

३ एप्रिलच्या रात्री वादळ घोंघावत असताना किंग पुन्हा मेसन टेम्पलमध्ये बोलले. बायबलमधली भल्या शोमरोन्याची गोष्ट त्यांनी सांगितली. लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसापाशी थांबायला दोघे पुढारी का घाबरले, आणि तिसरा का थांबला? पहिले दोघे स्वतःला विचारत होते की आपण थांबलो तर आपले काय होईल. तिसऱ्याने विचारले, मी थांबलो नाही तर याचे काय होईल. सफाई कामगारांबद्दल आपण हा दुसरा प्रश्न विचारू या, असे किंग म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घालण्यात आली. ते अवघे ३९ वर्षांचे होते.

चार दिवसांनी, नवऱ्याचे दफन व्हायच्या आधी, कोरेटा स्कॉट किंग मेम्फिसमध्ये परत आल्या आणि हजारो लोकांच्या मूक मोर्चाच्या पुढे चालल्या. १६ एप्रिलला नगरपालिकेने युनियनला मान्यता दिली, पगारात दोन हप्त्यांत मिळून ताशी पंधरा सेंटची वाढ झाली आणि बढतीत वर्णभेद न करण्याचे कलम करारात आले.

पंधरा सेंट.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर आणखी एक गोष्ट टोचते. नोकरीत वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा नागरी हक्क कायदा २ जुलै १९६४ लाच झाला होता. मग मेम्फिसच्या कामगारांना तो का उपयोगी पडला नाही? कारण त्यातले नोकरीविषयीचे प्रकरण, ज्याला ‘टायटल सेव्हन’ म्हणतात, तेव्हा फक्त खासगी मालकांना लागू होते. राज्य सरकारे आणि नगरपालिका त्यातून वगळलेल्या होत्या. ही पळवाट १९७२ मध्ये बंद झाली. शहराचा कचरा उचलणाऱ्यांना शहराविरुद्ध दाद मागायला संपाशिवाय रस्ताच नव्हता.

खासगी कारखान्यांतही कायदा आला म्हणून दार आपोआप उघडले नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त ‘लेबर’ खात्यात घेत. झाडलोट, साफसफाई, ओझी उचलणे हे त्यांचे काम. या खात्यातल्या सर्वांत वरच्या माणसाचा पगार इतर खात्यांतल्या सर्वांत खालच्या माणसापेक्षा कमी होता. २ जुलै १९६५ ला कायद्याचा अंमल सुरू झाला आणि त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या खात्यांत शिरण्यासाठी बुद्धिमापनाची आणि यांत्रिक आकलनाची अशा दोन परीक्षा लावल्या. हायस्कूलच्या प्रमाणपत्राची अटही होती. आधीपासून त्या कामावर असलेले, प्रमाणपत्र नसलेले गोरे कामगार मात्र आपले काम व्यवस्थित करतच होते. विली ग्रिग्ज आणि त्यांचे बारा सहकारी कोर्टात गेले. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

त्या निकालात सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी एका गोष्टीचा दाखला दिला आहे, आणि ती गोष्ट आपण सगळे बालवाडीपासून ऐकत आलो आहोत: कोल्हा आणि करकोचा. कोल्ह्याने करकोच्याला जेवायला बोलावले, दोघांपुढे सारखेच वाढले, पण पसरट ताटलीत. संधी समान आहे असे म्हणायचे तर भांडेही दोघांना वापरता येईल असे हवे, असा बर्गर यांचा मुद्दा होता. नियम कागदावर सर्वांना सारखा असला, पण कामाशी त्याचा संबंध नसेल आणि ठरावीक माणसेच त्याने बाहेर राहत असतील, तर तो नियम बेकायदेशीर. मालकाचा हेतू चांगला होता ही सबब तिथे चालणार नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्वसमावेशकतेवर आज मोठमोठी व्याख्याने होतात. त्या सगळ्यांपेक्षा ही कोल्ह्या-करकोच्याची कसोटी अधिक कामाची आहे. कुठल्याही कचेरीत भरतीची जाहिरात समोर ठेवून ती लावून पाहता येते.

दार उघडल्यावर आत काय होते, ही पुढची पायरी. झेरॉक्स कंपनीचे नाव आपल्याकडे छायाप्रतीलाच चिकटले आहे. तिचे मूळ गाव न्यूयॉर्क राज्यातले रोचेस्टर. जुलै १९६४ मध्ये तिथे मोठी दंगल उसळली आणि शहरातल्या बेकारीकडे लक्ष गेले. कंपनीचे प्रमुख जोसेफ विल्सन यांनी कृष्णवर्णीयांच्या भरतीचे आणि प्रशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले. किंग यांच्या हत्येनंतर महिन्याभरात, मे १९६८ मध्ये, त्यांनी आणि अध्यक्ष पीटर मॅकोलो यांनी सगळ्या व्यवस्थापकांना पत्र लिहून ही भरती नेटाने करण्यास बजावले. माणसे आत आली. पण १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या कृष्णवर्णीय विक्रेत्यांच्या लक्षात आले की आपल्या वाट्याला कमी धंद्याचे विभाग येतात. कमी धंदा म्हणजे कमी कमिशन, आणि बढतीच्या वेळी ‘याची विक्रीच कमी’ हा शेरा. त्यांनी एकत्र येऊन गट केला, आकडे मांडले, भांडले. अमेरिकी कंपन्यांमधल्या आजच्या कर्मचारी-गटांचे मूळ याच गटांमध्ये मानले जाते. त्या गटांची सुरुवात सणासुदीच्या जेवणांपासून झाली नव्हती, विक्रीचे विभाग कसे वाटले जातात या प्रश्नापासून झाली होती. १९८० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढलेली एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी झेरॉक्समध्ये उमेदवारी करायला आली. ती अर्सुला बर्न्स. २००९ मध्ये ती त्या कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली. अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांपैकी एखादीच्या प्रमुखपदी कृष्णवर्णीय स्त्री पोचण्याची ती पहिली वेळ होती.

आता त्या सोमवाराकडे वळू. किंग यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी डेट्रॉइटचे खासदार जॉन कॉन्यर्स यांनी त्यांच्या जन्मदिवशी राष्ट्रीय सुट्टी असावी असे विधेयक मांडले. ते मंजूर व्हायला पंधरा वर्षे लागली. पण संसद हलेना तेव्हा ही सुट्टी जिवंत ठेवली ती कामगार संघटनांनी, आणि हे फार कमी सांगितले जाते. वेतनकराराच्या वाटाघाटींत पगार, भत्ते यांच्याबरोबर ‘१५ जानेवारीची भरपगारी सुट्टी’ ही मागणी त्या घालू लागल्या. न्यूयॉर्कमधल्या रुग्णालयांतले आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकघरातले कामगार यांची संघटना त्यांत आघाडीवर होती. ज्यांना सुट्टी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे कापलेला पगार, अशा माणसांनी हा दिवस आपल्या करारात लिहून घेतला. १९७३ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला. १९८२ मध्ये कोरेटा किंग आणि गायक स्टीव्ही वंडर यांनी साठ लाख सह्यांचे निवेदन संसदेत दिले. २ नोव्हेंबर १९८३ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केली आणि २० जानेवारी १९८६ ला जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी पहिली राष्ट्रीय सुट्टी पाळली गेली. राज्यांनी मात्र आपापल्या गतीने घेतले. ॲरिझोनाच्या मतदारांनी १९९० मध्ये सुट्टी फेटाळली, म्हणून अमेरिकी फुटबॉलच्या संघटनेने १९९३ चा सुपर बोल तिथून हलवला. १९९२ मध्ये त्याच मतदारांनी ती मान्य केली. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्ये आजही त्याच दिवशी गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती रॉबर्ट ली याचीही जयंती पाळतात.

सुट्टी मिळाली की सेलच्या जाहिराती येतात आणि लोक डोंगरात सहलीला जातात. हे पाहून दोघा जणांना अस्वस्थ वाटले. एक जॉर्जियाचे खासदार जॉन लुईस, लॉसन यांच्या नॅशव्हिलच्या वर्गातला तोच मुलगा. दुसरे सिनेटर हॅरिस वॉफर्ड. त्यांनी तरुणपणी भारतात फिरून गांधीविचाराचा अभ्यास केला होता आणि १९५१ मध्ये पत्नीसह भारतावर पुस्तकही लिहिले होते. या दोघांनी मांडलेल्या कायद्यावर २३ ऑगस्ट १९९४ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली आणि किंग दिन हा राष्ट्रीय सेवा दिन झाला. ही सुट्टी लोळायची नाही, कामाला लागायची आहे, असे तेव्हापासून सांगितले जाते. एका अर्थाने नागपूरच्या कॉलेजच्या मैदानावरून निघालेली वाट या कायद्यापर्यंत येते.

फिलाडेल्फियात या दिवशी हजारो स्वयंसेवक गिरार्ड कॉलेजच्या आवारात जमतात. ही निवासी शाळा आहे. सावकार स्टीफन गिरार्ड १८३१ मध्ये वारला तेव्हा त्याने आपली संपत्ती गरीब, अनाथ, गोऱ्या मुलांच्या शाळेसाठी ठेवली. भोवती दहा फूट उंच दगडी भिंत, आणि काळाच्या ओघात बाहेरची वस्ती झाली कृष्णवर्णीयांची. १ मे १९६५ पासून सात महिन्यांहून अधिक काळ लोकांनी त्या भिंतीभोवती रोज धरणे धरले. ऑगस्टमध्ये किंग स्वतः फाटकाबाहेर बोलले. सप्टेंबर १९६८ मध्ये पहिली चार कृष्णवर्णीय मुले आत गेली. किंग तेव्हा हयात नव्हते. ज्या फाटकाबाहेर त्यांना उभे राहावे लागले त्याच फाटकातून आज त्यांच्या नावाने सेवेला लोक आत जातात. सेवा दिनासाठी याहून योग्य जागा क्वचितच मिळेल.

पण सेवा म्हणजे काय, हे किंग यांच्याकडूनच ऐकायला हवे. ४ फेब्रुवारी १९६८ रोजी, मृत्यूच्या बरोबर दोन महिने आधी, अटलांटातल्या आपल्या चर्चमध्ये ते याच विषयावर बोलले. सेवा करायला पदवी लागत नाही, व्याकरणशुद्ध बोलता यावे लागत नाही, म्हणून मोठे होणे कुणालाही शक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे प्रवचन ध्वनिमुद्रित होते आणि त्यांच्या अंत्यविधीत तेच ऐकवले गेले. असे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोण असेल, याचा अंदाज मॉन्टगोमेरीवरून बांधता येतो. तिथे जॉर्जिया गिलमोर नावाची एक स्वयंपाकीण होती. बस-बहिष्काराच्या खटल्यात तिने किंग यांच्या बाजूने साक्ष दिली आणि उपाहारगृहातली नोकरी गमावली. किंगनी तिला घरीच खाणावळ काढायला हात दिला. ती आणि तिच्या मैत्रिणी केक, ‘पाय’ हा गोड पदार्थ, तळलेले चिकन करून विकत आणि बहिष्काराच्या काळात लोकांची ने-आण करणाऱ्या मोटारींच्या पेट्रोलसाठी पैसे जमवत. पैसे कुठून आले असे विचारले की उत्तर येई, ‘कुठूनच नाही’, कारण देणाऱ्या मोलकरणींची नोकरी जाऊ नये. त्या गटाचे नावच पडले ‘कुठूनच नाही’ मंडळ. या बायकांनी दुसऱ्यांची सेवा केली आणि त्याच कृतीने आपली मानही सोडवून घेतली.

दानाबद्दल किंग यांचे मत स्पष्ट होते. १९६३ मध्ये आलेल्या प्रवचनसंग्रहात त्यांनी म्हटले आहे की दान चांगलेच, पण ज्या आर्थिक अन्यायामुळे दानाची गरज पडते तो दात्याने डोळ्यांआड करू नये. हा निकष कंपन्यांच्या सेवा दिनाला लावला पाहिजे. त्या दिवशी कर्मचारी एकसारखे टी-शर्ट घालून शाळेच्या भिंती रंगवतात, अन्नछत्रात डबे भरतात. ते काम खरे आहे आणि त्याने कुणाचे तरी पोट भरते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच कंपनीची कचेरी रात्री झाडणारी बाई कंत्राटदाराकडून येते का, तिला आजारपणाची भरपगारी रजा आहे का, पाऊस असला तर ती कुठे थांबते, तिचे नाव कुणाला माहीत आहे का, हे प्रश्न मंगळवारी विचारले गेले नाहीत तर सोमवारचे काम अर्धेच राहते. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर यांना पुस्तके वाटणाऱ्या स्वयंसेवकांची गरज नव्हती. त्यांना आडोसा हवा होता.

२० जानेवारी २०२५ हा जानेवारीचा तिसरा सोमवार होता. म्हणजे किंग दिन, आणि नव्या अध्यक्षांच्या शपथविधीचाही दिवस. त्याच दिवशी सरकारी खात्यांतले सर्वसमावेशकतेचे कार्यक्रम बंद करण्याचा आदेश निघाला. दुसऱ्या दिवशी १९६५ चा एक आदेश रद्द झाला. अध्यक्ष जॉन्सन यांनी काढलेल्या त्या आदेशाने सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर भरतीत पुढाकार घेण्याची जबाबदारी टाकली होती. त्यानंतर अनेक कंपन्यांनी आपले कार्यक्रम आवरते घेतले. ज्यांनी ते इतक्या झटपट आवरले, त्यांच्याकडे ती सजावटच होती असे म्हणावे लागेल. टायटल सेव्हन मात्र जागेवर आहे. तो संसदेचा कायदा आहे, अध्यक्षांच्या सहीने तो जात नाही.

लॉसन ९ जून २०२४ रोजी वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यांना काढून टाकणाऱ्या व्हँडरबिल्टने नंतर चूक मान्य केली होती आणि त्यांना प्राध्यापक म्हणून सन्मानाने परत बोलावले होते. फलक छापणारे क्लेबॉर्न टेम्पल एप्रिल २०२५ मध्ये आगीत भस्मसात झाले. शेजारी २०१८ मध्ये उभारलेला ‘मी माणूस आहे’ चौक आहे.

१९६८ च्या संपकऱ्यांची एक बाब मात्र बरीच वर्षे लोंबकळत राहिली. संपानंतर त्यांनी नगरपालिकेच्या निवृत्तिवेतनाऐवजी केंद्राची सामाजिक सुरक्षा योजना निवडली होती, आणि म्हातारपणी ती अपुरी पडली. काहीजण त्यामुळे उतारवयातही कचऱ्याच्या गाडीवर काम करत राहिले. जुलै २०१७ मध्ये, संपाला एकोणपन्नास वर्षे झाल्यावर, मेम्फिस शहराने हयात असलेल्या चौदा संपकऱ्यांना प्रत्येकी ५०,००० डॉलर देण्याचे जाहीर केले.